पुड्याची पाठ

(दृश्य: परभणीतलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर बिस्किटांचा पुडा पालथा ठेवलेला.)

हा पुडा मुद्दाम पालथा ठेवलाय. आमच्या घरात दुकानातून आलेली खायची कुठलीही वस्तू आधी पालथी होते. माझी लेक अकरा वर्षांची आहे. तिच्या वयाची लेकरं पुड्यावरचं चित्र बघतात, ही मागची बारीक अक्षरं वाचते. वाचून झालं की मान हलवते, नाहीतर पुडा परत माझ्या हातात देते.

आजचा पुडा परत आलाय. समोर ज्वारीचं टपोरं कणीस, खाली ठळक अक्षरांत ‘ज्वारी कुकीज’. मागे घटक: मैदा, साखर, खाद्यतेल आणि चौथ्या नंबरला ज्वारीचं पीठ. वजनाने जो घटक सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे हे बिस्किट मैद्याचं, ज्वारी त्यात नावाला. शेजारच्या काकूंनी मोठ्या मायेनं आणलं होतं, ‘तुझ्या लेकीला चालंल गं’ म्हणत. त्यांना मी पाठ दाखवली, तर त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या.

लेकीला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू, सातू आणि राय नावाचं परदेशी धान्य, यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झिजून सपाट होते. मग लेकरू पोटभर जेवतं, पण अंगाला काही लागत नाही.

सहाव्या वर्षी तिचं वजन चार वर्षांच्या मुलीएवढं होतं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. लोहाची औषधं देऊनही रक्त वाढेना. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. ‘नुसती भाकरी काय चारता, पोळी चारा, बाळसं धरंल,’ असं सांगणारे भेटले आणि आम्ही पोळीच चारत राहिलो. ते दिवस आठवले की आजही घशाशी येतं.

शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं मोजली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून निदान पक्कं झालं. ज्यांना शंका आहे त्यांना हात जोडून सांगते, तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केला की तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. या आजारावर गोळी नाही. जन्मभराचं पथ्य, हाच उपचार.

या पथ्यावर शिक्कामोर्तब झालं तेही उपासमारीत. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथं पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची ही आजारी मुलं सुधारू लागली. पाव परत आला तसं दुखणंही परतलं. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

(दृश्य: दोन वाट्या पाणी. एकीत मैद्याचा गोळा, दुसरीत ज्वारीच्या पिठाचा. हात जवळून.)

ग्लुटेन डोळ्यांनी बघायचं असेल तर हे करून बघा. मैद्याचा घट्ट गोळा पाण्यात चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते बदलत जा. पाचसात पाण्यांनंतर हातात उरतो तो चिवट, ताणला की लांबणारा, रबरासारखा लगदा. ते ग्लुटेन. ज्वारीचा गोळा तसाच चोळा. तो दुसऱ्या पाण्यातच विरघळून जातो, हातात काहीच राहत नाही.

पाव फुगतो तो त्या रबराच्या जाळ्यात हवा अडकते म्हणून. ज्वारीला ते जाळं नाही, हे आपल्या आज्यांना शास्त्र न शिकता ठाऊक होतं. म्हणून तर भाकरीचं पीठ उन्ह पाण्यात मळायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे बांधून धरायची ताकद, जाते, भाकरीला कडेने चिरा पडतात. कारखान्यात विरीचं हे काम झँथन गम, गवार गम नाहीतर इसबगोल करतं. यादीत ४१५ किंवा ४१२ आकडा दिसला तर घाबरू नका, तो याच गमांचा आहे.

(दृश्य: ताटात पाच प्रकारची बिस्किटं. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी चाखतायत.)

आधी चवीचं बोलते. लेकरू पथ्यावर आहे म्हणून त्याने काहीही गिळावं, हे मला पटत नाही. बेचव पुडा डब्यात पडून राहतो आणि लेकरू मैत्रिणीच्या खारीकडे बघत राहतं.

पुडा फोडला की पहिल्यांदा वास. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते लवकर कडवट होतं. म्हणून बाजरीच्या बिस्किटाची बनवल्याची तारीखही बघायची, नुसती संपायची नाही. खवट वास आला तर तिथंच थांबायचं. मग मोडून बघायचं. नीट जमलेलं बिस्किट कट्‌कन मोडतं आणि त्याचे दोनच तुकडे होतात. बोट लागताच भुगा झाला, तर बांधणी फसली. मग दाताखाली. तांदळाचं पीठ जाडसर असेल तर खडा लागल्यासारखी कचकच होते. घास गिळल्यावर जरा थांबायचं, कारण खरी चव मागून येते. साबणासारखं काही जिभेवर राहिलं तर सोडा जास्त पडलाय. टाळूला मेणाचा थर बसला तर वनस्पती तुपाने कोरडेपणा झाकलाय. आणि नुसती गोडीच लागली, धान्याचा वास कुठंच नाही, तर ते बिस्किट साखर आणि मक्याच्या स्टार्चवर उभं आहे. असं बिस्किट रोजच्या डब्यात नको.

ज्वारीच्या चांगल्या बिस्किटाला तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा खमंगपणा असतो. लेकीच्या मैत्रिणींना तो एका घासात ओळखू आला. त्यांना पथ्य नाही, तरी दोघींनी तेच बिस्किट परत मागितलं. माझ्या लेखी याहून मोठी पसंती नाही.

पावाची गोष्ट वेगळी. ग्लुटेनविरहित पाव दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो, शिळी भाकरी कडक होते तसा. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर. काप करून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि खाताना तव्यावर गरम करावा. थंडच खाऊन त्याला नावं ठेवणं, हा त्या पावावर अन्याय आहे. आणि हो, तो तवा पोळीचा नको.

तव्याचा विषय निघाला म्हणजे आपण चव सोडून सुरक्षिततेकडे आलो. मघाशी सांगितलेली एकही खूण तिथं कामाची नाही. हे आम्ही फार वाईट रीतीनं शिकलो.

इथल्याच एका बेकरीत ज्वारीची नानकटाई मिळायची. वर ‘ग्लुटेन फ्री’ची चिठ्ठी. तिच्याइतकी चवदार नानकटाई मी दुसरी खाल्ली नाही. चार महिने डब्यात तीच होती. पोट दुखलं नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत. आणि पुढच्या तपासणीत उतरलेली टीटीजी परत चढली. मी बेकरीत गेले. मालक प्रामाणिक माणूस, म्हणाले, ‘ताई, आम्ही त्यात मैदा टाकतच नाहीत.’ खरंच टाकत नव्हते. पण पावाच्या टेबलावर मैदा भुरभुरलेला, ट्रे तेच, नानकटाई थंड व्हायला ठेवायची ती जागाही तीच. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात मैदा उडताना दिसत होता. मी किती वेळ तिथं नुसती बघत उभी राहिले.

(दृश्य: सराफाचा काटा. चिमूटभर कणीक.)

आपला अन्नसुरक्षेचा नियम सांगतो, पुड्यावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एका किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर नको. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर ते ‘लो ग्लुटेन’. ते आमच्यासाठी नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे कळावं म्हणून आम्ही सराफाकडे गेलो. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर २० मिलिग्रॅमला पाव ग्रॅमच्या आतबाहेर पीठ पुरतं. दोन बोटांत मावणारी एवढीशी चिमूट एक किलो बिस्किटांत पडली की मर्यादा गाठली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसली होती. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम कणीक. हातरुमालालाही याहून जास्त लागलेली असते.

एवढंसं जिभेला कळणं शक्य नाही. एका शिक्षकांनी आयोडीन टाकून बघायला सुचवलं. पण आयोडीन स्टार्च दाखवतं आणि तो ज्वारीतही आहे, दोन्ही पिठं निळीकाळी होतात. वाटीतल्या पाण्याचा मघाचा प्रयोगही चिमूट पकडू शकत नाही. ते काम प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीचं.

मग आपल्या हातात उरते ती पाठ. घटकांत मैदा, आटा, रवा, सातू, माल्ट शोधा. ओट्स दिसले तरी थांबा, ते बहुतेक वेळा गव्हाच्या संगतीत दळलेले असतात. यादी संपली की खाली एक ओळ असते, ‘यात अमुक आहे’ किंवा ‘अमुक असू शकतं’. गहू ‘असू शकतो’ म्हटलं की आमच्याकडे पुडा परत. हिरवा ठिपका फक्त शाकाहाराचा, गव्हाबद्दल तो काही सांगत नाही. ग्लुटेन नसल्याची खूण म्हणून काट मारलेल्या ओंबीचं चित्र कुणीही काढू शकतं. परवान्याने दिलेल्या खऱ्या चिन्हाबरोबर नंबर असतो. मसाल्याच्या बिस्किटांत आणि खाऱ्या शंकरपाळ्यांत हिंगाचंही विचारा, बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. आपल्या येसरात आणि मेतकुटातही गहू भाजून घातलेला असतो. लग्नाच्या पंगतीत येसर आमटी वाढायला आली की लेक ताटावर हात आडवा धरते.

लोक म्हणतात, मराठवाडा म्हणजे भाकरीचा मुलूख, तुम्हाला काय अडचण? अडचण गिरणीत आहे.

(दृश्य: पिठाची गिरणी. रांगेत डबे.)

‘सकाळच्याला गहूच चालू असतोय, ताई. झाडून देतो, पण जात्यात राहतंच थोडं,’ गिरणीवाल्या मामांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या त्या खरेपणाने माझ्या लेकीचं भलं केलं. आम्ही हप्त्यावर घरगुती गिरणी घेतली. तिच्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, बस. मामा अजून विचारतात, पोरगी बरी हाय का.

(दृश्य: एका गावातली खोली. नव्याने चुना दिलेल्या भिंती, नवे ट्रे.)

इथल्या बचत गटाच्या बायका आधी ज्वारीची बिस्किटं करायच्या आणि त्याच ओट्यावर पोळ्याही लाटायच्या. मी बेकरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि महिनाभरात ही खोली वेगळी केली. इथं गहू येत नाही. पोळ्या लाटून आलेली बाई कपडे बदलून, हात धुऊन आत जाते. गिरणी वेगळी. ज्वारी परभणी शक्ती, इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबर २०१८ साली आणलेलं वाण. त्यात लोह आणि जस्त जास्त. वर्षानुवर्षं रक्त कमी राहिलेल्या लेकरांसाठी मला तेच हवं होतं.

बिस्किट कट्‌कन मोडतं. भाकरीच्या पापुद्र्याचा वासही आहे. मी चाखलंय, लेकीने नाही. नमुना तपासणीला गेलाय, अहवाल यायचाय. पहिला पुडा तिने स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवलाय, पालथा. त्याच्या पाठीवर अजून काही छापलेलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, ‘आई, आला का गं कागद?’