बाराजणांचा भार एकट्यावर

हे छायाचित्र पाहा. २० जुलै १९२५. टेनेसी राज्यातलं डेटन गाव. उकाडा इतका, की न्यायाधीशांनी अख्खं कोर्टच बाहेर हिरवळीवर आणलंय. कोट काढून, गॅलिस लावून उभे आहेत ते क्लॅरेन्स डॅरो, बचावाचे वकील. समोर साक्षीदार म्हणून बसलेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले नेते आणि या खटल्यात सरकार पक्षाचे वकील! समोरच्या वकिलालाच साक्षीला बसवायचं, हे डॅरोंनीच करावं.

वर्गात उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून शिक्षकावर चाललेला हा खटला डॅरो हरले. शंभर डॉलर दंड झाला. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते इथलेच डॅरो.

त्याच्या कितीतरी आधी मात्र डॅरो शिकागोत, रेल्वे कंपनीच्या नोकरीत होते. १८९४ साली रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. डॅरोंनी पगाराची नोकरी सोडली आणि संपाचे पुढारी युजीन डेब्ज यांचं वकीलपत्र घेतलं. डेब्ज तुरुंगात गेलेच. पण कामगारांना आपला वकील सापडला.

१९१२ साली डॅरो स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात होते. आरोप ज्युरीला, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या मंडळाला, लाच देण्याचा. एका खटल्यात सुटले, दुसऱ्यात ज्युरीचं एकमतच होईना. खरं काय, ते बाराजणांनाही ठरवता आलं नाही.

म्हणूनच १९२४ चा डाव बघण्यासारखा आहे. लिओपोल्ड आणि लोएब ही शिकागोतल्या श्रीमंत घरांतली दोन पोरं. एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून करून बसली होती, पोलिसांपुढे कबुलीही दिलेली. गावाला फाशीच हवी होती. डॅरोंनी कोर्टात सरळ गुन्हा कबूल करून टाकला. हार मानली म्हणून नव्हे! कबुलीनंतर ज्युरी उरत नाही, शिक्षा एकटे न्यायाधीश ठरवतात. फाशीचं ओझं बाराजणांत वाटलं की हलकं होतं. एकट्याच्या खांद्यावर ते पेलवेल का, हा हिशेब.

मग न्यायाधीश कॅव्हर्ली यांच्यापुढे डॅरो तासन्‌तास बोलत राहिले, पोरांच्या वयाबद्दलही. एक एकोणीसचा, दुसरा अठराचा.

फाशी टळली. जन्मठेप, वर ९९ वर्षं. लोएबचा १९३६ साली तुरुंगातच खून झाला. लिओपोल्ड १९५८ साली सुटला. डॅरोंना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.