३०, सेंट मेरी ॲक्स

(दृश्य : सकाळ. अरुंद रस्ता. दगडी चर्चच्या मागून वर आलेला काचेचा मनोरा.)

लंडनच्या 'सिटी' भागातला, म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या पेठेतला हा रस्ता, सेंट मेरी ॲक्स. कोपऱ्यावर सोळाव्या शतकातलं सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट चर्च आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी ही १८० मीटर उंच, ४१ मजली कचेऱ्यांची इमारत. लंडनकर तिला 'गर्किन' म्हणतात. गर्किन म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवायची बुटकी काकडी. पत्त्यावर मात्र एवढंच : ३०, सेंट मेरी ॲक्स.

इथे आधी बाल्टिक एक्स्चेंज होतं. कोणतं जहाज कुठला माल किती भाड्याने नेणार, याचे सौदे इथे तोंडी शब्दावर ठरायचे. १९०३ सालची देखणी वास्तू. १० एप्रिल १९९२ च्या रात्री तिच्याबाहेर प्रोव्हिजनल आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, ठेवलेला बॉम्ब फुटला. तीन जीव गेले. त्यांत एक मुलगी होती, पंधरा वर्षांची.

(दृश्य : कॅमेरा पायथ्याशी, हळूहळू वर.)

जुनी वास्तू पुन्हा उभी करावी की नवी बांधावी, यावर वर्षानुवर्षं खल झाला. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीने एकदा इथे ३८६ मीटरचा मनोरा सुचवला होता. तो बारगळला. अखेर 'स्विस री' या कंपनीसाठी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीसाठी, ही इमारत मंजूर झाली आणि २००४ मध्ये खुली झाली.

आता तिची अंगकाठी नीट पाहा. बुंध्याशी ४९ मीटर रुंद, सतराव्या मजल्यावर साधारण ५६, मग वर निमुळती. हा नुसता नखरा नाही. चौकोनी उंच इमारतीवर वारा आदळला, की तो भिंतीवरून थेट खाली येतो आणि पायथ्याशी चालणाऱ्याची छत्री उलटी करतो. इथे तो गोल अंगावरून बाजूला सरकतो. बुंधा आवळलेला असल्यामुळे भोवती चौक मोकळा राहिला. ज्याला आत जायचंच नाही, त्या वाटसरूलाही या इमारतीने काही दिलंय, आणि म्हणून ती मला आवडते.

बाहेरून दिसते ती पोलादी जाळी, बुरडाच्या टोपलीसारखी तिरक्या विणीची. तीच भार पेलते, त्यामुळे आतले मजले मोकळे राहतात. त्या विणीत शंकरपाळ्यांच्या आकाराच्या काचा बसवल्या आहेत. एवढी गोलाई, पण काचा सपाट! वाकवलेली काच एकच, अगदी टोकावरची, भिंगासारखी.

गडद काचांचे पट्टे वर वळत जाताना दिसतात ना? प्रत्येक मजल्याला सहा खाचा आहेत आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पाच अंशांनी फिरवलेला आहे. त्यातून हवा आणि उजेड आत खोलवर जावा, ही योजना. आग लागली तर हेच झरोके धुराडं होतील, म्हणून दर सहाव्या मजल्यावर ते अडवलेले आहेत.

(दृश्य : कॅमेरा पुन्हा खाली. चौकाच्या कडेचा दगड.)

आणि आता या कोपऱ्यापाशी जरा थांबू या.

१९९५ मध्ये स्फोटानंतरच्या या जागेवर पुरातत्त्वाचं खोदकाम चालू असताना एक सांगाडा सापडला. रोमन काळातली मुलगी, तेरा ते सतरा वर्षांची. तिला इथे पुरलं, तेव्हा इसवी सनाचं चौथं शतक उताराला लागलं होतं. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बारा वर्षं ती लंडनच्या संग्रहालयात होती. वर मनोरा उभा राहिला, कचेऱ्या भरल्या. मग २००७ मध्ये आल्डगेटच्या सेंट बोटॉल्फ चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली, मिरवणुकीने तिला परत आणलं आणि तिच्याच मातीत पुन्हा ठेवलं. जगातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी ही एक. तरी तिची जागा तिला मिळाली.

दगडावर कोरलंय : रोमन लंडनमधली एक अनाम मुलगी इथे विसावली आहे.

(दृश्य : दुपार. दगडाशेजारून जाणारी माणसं. निवेदन थांबतं, रस्त्याचा आवाज तेवढा राहतो.)