पाकिटातलं सिम आणि २,३५४ रुपये

(कॅलेंडर, जवळून)

हे आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, नोव्हेंबरचं पान. चौकोनात बाबांनी दुधाचा हिशोब लिहिलाय, दीड लिटर, एक लिटर, सुट्टीच्या दिवशी दोन. आणि त्याखाली लाल पेनाने हे जे लांबलचक आकडे दिसतायत ते दुधाचे नाहीत. ते डॉकेट नंबर आहेत. मोबाईल कंपनीकडे तक्रार नोंदवली की जो नंबर मिळतो, तो. नोव्हेंबरमध्ये चार, डिसेंबरमध्ये सहा. प्रत्येक नंबरासमोर वेळ आणि समोरच्या माणसाने सांगितलेलं नाव.

बाबांनी हे कुठे शिकलं असं मी विचारलं तर म्हणाले, गॅसचा नंबर लावायचो तेव्हापासून.

(सिमचं पाकीट, टेबलावर)

आता हे बघा. हे सिम कार्ड. पाकीट अजून फुटलेलं नाही, कडेचा डिंक जसाच्या तसा आहे, मी मुद्दाम बोट लावून दाखवलंय. बाबांनी पोस्टपेड प्लॅन बदलला तेव्हा दुकानातल्या मुलाने हे हातात दिलं होतं, काका फॅमिली प्लॅन आहे, एक जादा सिम फ्री आहे, ठेवून द्या, लागेल तेव्हा वापरा. बाबांनी ठेवून दिलं. कपाटात, विम्याच्या फाईलमध्ये. ते कुठल्याच मोबाईलमध्ये कधी गेलं नाही, त्यावरून एक मिस्ड कॉलसुद्धा नाही.

मार्चमध्ये बाबांनी नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. घरात रेंज येत नव्हती, एवढंच कारण.

पोर्ट करणं आता अगदी सोपं झालंय. भारतात ही सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. १९०० वर पोर्ट असं लिहून पुढे आपला नंबर टाकून एसएमएस करायचा, यूपीसी नावाचा आठ अक्षरांचा कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. १६ डिसेंबर २०१९ पासून नियम असा आहे की हा कोड तयार होण्याआधीच तपासणी होते, नंबर घेऊन ९० दिवस झालेत का, पोस्टपेड असेल तर मुदत उलटलेलं बिल बाकी आहे का, करारातली सोडून जायची अट पुरी झालीय का. काही बाकी असेल तर कोड मिळतच नाही, नकाराचा मेसेज येतो. म्हणजे यूपीसीचा तो एसएमएस फक्त कोड नसतो, तुमच्या नंबरवर त्या दिवशी मुदत उलटलेलं बिल नव्हतं याची ती जवळजवळ पावतीच असते. आणि आपण तोच मेसेज चार दिवसांनी डिलीट करतो, कारण कोडची मुदत चार दिवसांची असते. बाबांनी डिलीट केला नव्हता. स्क्रीनवर दिसतोय तोच तो मेसेज, वरची तारीख बघून घ्या.

एक गोष्ट मात्र खरी, ती लपवायची नाही. शेवटच्या बिलाच्या तारखेपासून नंबर पोर्ट होईपर्यंत जे काही वापरलं त्याचं बिल नंतर येतं आणि ते द्यावंच लागतं. ते नाही भरलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून पोर्ट झालेला नंबर बंद करायला लावू शकते. बाबांनी ते शेवटचं बिल एप्रिलमध्ये भरलं. ही त्याची पावती, छापील, कारण बाबांचा पीडीएफवर विश्वास नाही.

(फोन टेबलावर थरथरतोय)

नोव्हेंबरमध्ये हे सुरू झालं.

पहिला मेसेज: आपल्या मोबाईल क्रमांकावर २,३५४ रुपये थकबाकी आहे. खाली बाबांचा तोच जुना नंबर. मग फोन. दिवसाला दोन, कधी पाच. हा जो आवाज तुम्हाला ऐकू येतोय तो मी वेगळा रेकॉर्ड केलेला नाही, मी सिमच्या पाकिटाचा शॉट घेत होते आणि मध्येच फोन वाजला. समोरचा वसुली एजन्सीतून बोलत होता. सर, तुमच्यावर केस होणार आहे. बाबा म्हणाले, केस नंबर सांगा. सर, पोलीस घरी येतील. बाबा म्हणाले, कुठलं पोलीस स्टेशन? फोन कट.

मोबाईल बिलाचा वाद हा दिवाणी मामला आहे. बिल भरलं नाही म्हणून पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. हे माहीत असलेला माणूसही तो फोन ठेवल्यावर पाणी प्यायला उठतो.

मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, वकिलाचं लेटरहेड, वर मोठ्या अक्षरात लीगल नोटीस. नीट वाचली तर त्यात बिलाचा नंबर नाही, बिलाची तारीख नाही, कुठल्या महिन्याचे पैसे ते नाही. फक्त रक्कम आणि सात दिवस. आणि लगेच दुसऱ्या दिवशी ऑफर, सर १,२०० भरा, सेटल करून टाकतो.

इथेच बहुतेक लोक पैसे भरून मोकळे होतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही, रोज पाच फोन आले की १,२०० रुपये स्वस्त वाटतात. पण जे देणं आपलं नाहीच ते सेटल केलं की आपण ते मान्य केल्यासारखं होतं, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज देण्याआधी बँक बघते त्या आपल्या उधारीच्या नोंदीत, सेटल्ड असा शेरा पडला तर बँक त्याचा अर्थ पुरे पैसे दिले नाहीत असाच घेते. बाबांनी एवढंच विचारलं, बिल पाठवा. आधी बिल, मग बोलू. सहा वेळा विचारलं, कॅलेंडरवर सहा खुणा आहेत.

(बाबा फोन लावतायत, स्पीकरवर)

आता तक्रार करायची कुठे, हा भाग मला सगळ्यात जास्त दाखवायचा होता म्हणून तो जरा लांब ठेवलाय, बघा.

बाबा १९८ लावतात. तक्रारीसाठी हाच नंबर. पण नंबर पोर्ट झालाय, त्यामुळे तो लागतो नव्या कंपनीत, ते म्हणतात आमच्याकडे तुमचं काही बाकी नाही सर. बरोबरच आहे. मग जुन्या कंपनीचा टोल फ्री नंबर. रेकॉर्डेड बाई म्हणते आपला मोबाईल क्रमांक टाका, बाबा टाकतात, ती म्हणते हा क्रमांक आमच्या नेटवर्कवर नाही. फोन बंद. ॲप उघडलं तर लॉगिन नाही, कारण ग्राहकच नाही. म्हणजे वसुलीवाल्याला बाबांचा नंबर बरोबर सापडतो आणि तक्रार घेणाऱ्या मशीनला तो सापडत नाही. हे तीन वेळा चालतं, मी कॅमेरा बंद केला नाही, आणि बाबांचा चेहरा तुम्हीच बघा.

शेवटी ईमेल. आणि स्टोअरमध्ये जाऊन लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि पोच. काउंटरवरच्या मुलीने मनापासून मदत केली, तिने सिस्टीममध्ये बघून पहिल्यांदा सांगितलं की काका, हे तुमच्या नंबरचं नाहीच. हे दुसऱ्या सिमचं आहे.

ते पाकिटातलं सिम.

मुख्य नंबर पोर्ट झाला, यूपीसी एकेका नंबरचा असतो, त्यामुळे जादा सिम मागे तसंच जुन्या कंपनीत राहिलं. फॅमिली प्लॅन संपला तसं ते फ्री राहिलं नाही, त्याला आपोआप स्वतंत्र प्लॅन लागला, महिना २९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५२ रुपये ८२ पैसे. बिल भरलं नाही म्हणून लेट फी १०० आणि त्यावरही जीएसटी, ११८. असे पाच महिने, मग सिम बंद. बेरीज करा, २,३५४ रुपये १० पैसे. आणि या पाचही महिन्यांच्या बिलांचे मेसेज गेले कुठे, तर त्याच सिमच्या नंबरवर. या पाकिटात. हे ऐकलं तेव्हा बाबा काउंटरवर काही बोलले नाहीत, पिशवीतून पाकीट काढून फक्त समोर ठेवलं.

(पोस्ट ऑफिस, स्पीड पोस्टची पावती)

ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०१२ चा तक्रार निवारणाचा नियम आहे. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, त्यांनी डॉकेट नंबर द्यायलाच हवा. तिथे समाधान झालं नाही, किंवा ठरलेल्या वेळेत उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील. अपिलाला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र लिहून वाट बघत बसू नका. आणि अपिलासाठी डॉकेट नंबर लागतो, म्हणून ते कॅलेंडर.

बाबांचं अपील एक पानाचं आहे. चार मुद्दे. मुख्य नंबरचं शेवटचं बिल भरलं, पावती जोडली. वसुलीच्या मेसेजमध्ये थकबाकी मुख्य नंबरवर दाखवली, ते चूक, यूपीसीचा मेसेज जोडला. जादा सिमचा वापर शून्य, कॉल आणि डेटाचा तपशील कंपनीनेच काढून बघावा. आणि २९९ च्या प्लॅनला मी कधी, कुठे होकार दिला, तो दाखवावा. रागाचं एक वाक्य नाही त्यात. मी दोन घातली होती, बाबांनी खोडली.

(जिल्हा ग्राहक आयोगाची इमारत, बाहेरून)

अपील फेटाळलं असतं तर इथे यावं लागलं असतं. आत शूटिंग केलेलं नाही, म्हणून बाहेरूनच. पण हा दरवाजा मोबाईलच्या ग्राहकांसाठी कित्येक वर्षं नीट उघडा नव्हता, हे फार थोड्यांना माहीत असतं. १ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने बिलापायी तोडलेल्या एका टेलिफोनच्या प्रकरणात सांगितलं की असे वाद १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७ ब खाली लवादाकडे जातील, ग्राहक मंचाकडे नाही. मंच म्हणजे आजचा हाच ग्राहक आयोग. त्यानंतर ग्राहक मंचात गेलं की कंपन्यांचे वकील हाच निकाल पुढे करायचे. १८८५ चा कायदा, तारायंत्राच्या काळातला, आणि वाद मोबाईल बिलाचा.

मग अहमदाबादचा एक ग्राहक. महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं, नोव्हेंबर ते डिसेंबर २०१३ चं एकदम २४,६०९ रुपये ५१ पैसे आलं. तो २०१४ मध्ये जिल्हा मंचात गेला. कंपनी म्हणाली मंचाला अधिकारच नाही. हा एकच मुद्दा जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असा चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, अधिकार आहे. टेलिग्राफ कायद्यातला लवाद असला म्हणून ग्राहक कायद्याचा रस्ता बंद होत नाही. त्याआधी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्द सरळ लिहूनच टाकला होता. आज ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि त्याआधी १९१५ ला फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. त्या अहमदाबादच्या माणसाने आठ वर्षं धरून ठेवलं म्हणून बाबांच्या अपिलाच्या शेवटच्या ओळीत, अन्यथा मी ग्राहक आयोगात जाईन, असं लिहिता आलं.

(लॅपटॉपवर मेल)

३४ व्या दिवशी मेल आला. रक्कम शून्य, एजन्सीला कळवलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर. फोन बंद झाले. मधल्या काळात दादाच्या घरकर्जाची फाईल दीड महिना अडली, बाबा सहकर्जदार होते आणि त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये टेल्को वायरलेस नावाखाली हीच थकबाकी बसली होती. ती काढायला वेगळी तक्रार केली. रिपोर्टमधली चूक ३० दिवसांत निस्तरली नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आमची २२ दिवसांत निघाली. पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, चारही क्रेडिट कंपन्यांकडून.

(कॅलेंडर, नवीन वर्षाचं)

जुनं कॅलेंडर रद्दीत गेलेलं नाही. दोन पानं फाडून फाईलमध्ये लावलीत, सिमच्या पाकिटाशेजारी.

आणि हे नवीन. जानेवारी, दूध एक लिटर, आणि खाली पुन्हा लाल पेन. हा डॉकेट नंबर डिपॉझिटचा आहे. पोस्टपेड घेताना भरलेले ५०० रुपये अजून परत यायचेत.