लिपिडचा, म्हणजे फॅटचा, स्टेन (रंग) लागत नाहीये? रंग बदलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी, हा लिव्हरच्या स्लाइडचा फोटो नीट बघा. मधे मधे पांढरे गोल दिसतायत ना, रिकामे, कडा एकदम स्वच्छ? मी शिकत होते तेव्हा मला वाटायचं सेक्शन, म्हणजे टिश्यूचा पातळ काप, फाटलंय. फाटलेलं नाहीये, तिथे फॅट होतं आणि ते आपणच धुऊन टाकलं.

कसं ते सांगते. टिश्यूचा पॅराफिन ब्लॉक करायचा, म्हणजे कापता यावा म्हणून तो मेणात बसवायचा, तर आधी त्यातलं पाणी काढायचं, त्यासाठी अल्कोहोल, मग अल्कोहोल काढायला झायलीन, आणि ही दोन्ही फॅट विरघळवणारीच की हो! त्यानंतर तुम्ही कितीही महागातला रंग आणा, लागणार कशाला? म्हणून लिपिडचा स्टेन करायचाय हे सॅम्पल ब्लॉकसाठी पाठवायच्या आधी ठरवायचं, नंतर काही हातात राहत नाही.

आणि फॉर्मेलिनमधे, म्हणजे टिश्यू टिकवायच्या द्रावणात, ठेवलं म्हणजे फॅट फिक्स झालं, जागच्या जागी पक्कं झालं, असंही नाही. फॉर्मेलिन प्रोटीन्सना एकमेकांत बांधतं, फॅटचे थेंब त्या जाळीत नुसते अडकून राहतात, अल्कोहोल आलं की सुटले. त्यामुळे आपण फ्रोझन सेक्शन घेतो, क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेला टिश्यू कापायच्या मशीनवर, साधारण 8 ते 10 मायक्रॉनचं, आणि आधी फिक्स केलेलं असेल तर 30 टक्के सुक्रोजमधे बुडवून घेतो, नाहीतर बर्फाचे खडे टिश्यू फोडतात.

आता ऑइल रेड ओ. मला हा रंग मनापासून आवडतो कारण तो फॅटला चिकटतच नाही, त्याच्यात विरघळतो. 60 टक्के आयसोप्रोपॅनॉलमधे तो जेमतेम टिकून असतो, गर्दीत अवघडून उभ्या माणसाला रिकामी खुर्ची दिसावी तसं, फॅटचा थेंब दिसला की सरळ आत जाऊन बसतो. सुदान थ्री, सुदान फोर हे रंग पण असंच काम करतात, 1896 पासून ही पद्धत चालत आलीये. म्हणून तो 60 चा आकडा हलक्यात घेऊ नका. आयसोप्रोपॅनॉल वाढलं की बारीक थेंब धुऊन जातात, कमी झालं की रंगच खाली बसतो आणि सेक्शनवर लाल खडे दिसायला लागतात, जे बघून नवीन माणूस हमखास फसतो. स्टॉकचे, म्हणजे आयसोप्रोपॅनॉलमधे रंग विरघळवून ठेवलेल्या मूळ द्रावणाचे, सहा भाग, पाण्याचे चार, दहा मिनिटं थांबा, गाळा, आणि त्याच दिवशी वापरा.

खात्री करायचीये? शेजारचं एक सेक्शन आधी अॅसिटोनमधे ठेवा, मग स्टेन करा. तिथे लाल गेलं तर तुमचं फॅट खरं. तिथेही लाल दिसलं तर मात्र रंगाचेच खडे आहेत का ते तपासा.

एक केमिकल मात्र रंगही देतं आणि फॅट जपतंही, ऑस्मियम टेट्रॉक्साइड. फॅटी अॅसिडमधल्या डबल बॉन्डला ते धरतं, थेंब काळा होतो आणि मग तो अल्कोहोलमधेही सहज विरघळत नाही, त्यामुळे अशा टिश्यूचा पॅराफिन ब्लॉकही करता येतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत ते याचसाठी वापरतात. पण जिथे डबल बॉन्ड नाहीत त्या फॅटला ते नीट धरत नाही, हे लक्षात ठेवा. आणि कृपा करून ते फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, बाहेर उघडू नका, त्याची वाफ थेट डोळ्यांना इजा करते, हे मी कुठल्याही व्हिडिओत दहादा सांगेन.

जिवंत पेशी बघायच्या असतील तर नाइल रेड. पाण्यात जवळजवळ चमकत नाही, फॅटमधे गेला की चमकतो. फक्त त्याचा उजेड बऱ्याच रंगांत पसरतो, त्यामुळे सोबत दुसरा लाल मार्कर, म्हणजे पेशीतलं दुसरं काही दाखवणारा लाल रंग, असेल तर बॉडिपी 493/503 हा रंग घ्या, तो हिरव्यात राहतो.

शेवटी कव्हरस्लिप, म्हणजे सेक्शनवरची पातळ काच. ती चिकटवायला नेहमीचं डीपीएक्स नको! त्यात झायलीन असतं, म्हणजे इतकं जपलेलं फॅट शेवटच्या मिनिटाला गेलं. ग्लिसरीन जेली लावा, कव्हरस्लिप दाबू नका, दाबलं की थेंब सरकून एकमेकांत मिसळतात. आणि या स्लाइड फार टिकत नाहीत, फोटो त्याच दिवशी काढा.