हाडाला घाई चालत नाही

(दृश्य: नोव्हेंबरअखेरची सकाळ. गॅरेजचं दार अर्धं उघडं. गॅसच्या शेगडीवर भलंमोठं पातेलं, त्यातून वाफ.)

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणाच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं टिपण्याचा 9 दिवसांचा हंगाम सुरू होतो. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण. त्याचं मांस फ्रीझरमध्ये जातं, वर्षभर पुरतं. उरतं ते डोकं. कातड्यासकट भरून टांगायचं तर कारागिराकडेच द्यावं लागतं. पण नुसती कवटी आणि शिंगं घरी करता येतात. ही पद्धत मूळची जर्मनी-ऑस्ट्रियाकडची, म्हणून इथे तिला 'युरोपियन माउंट' म्हणतात.

हे गॅरेज आमच्या शेजारच्या आजोबांचं. चाकू हातात घेण्याआधी त्यांनी हरणाच्या मानेतल्या ग्रंथींचा नमुना तपासणीला दिला. कारण आहे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग. 1967 साली कोलोरॅडोत तो पहिल्यांदा लक्षात आला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. माणसाला तो झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण त्याचे प्रिऑन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, उकळूनही मरत नाहीत. म्हणून हातमोजे हवेतच. मेंदू आणि खरवड रानात फेकायची नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायची.

(दृश्य: टेबलावर खालचा जबडा.)

कातडं, डोळे, जीभ काढून झाली. खालचा जबडा सुटा केला, तोही जपून ठेवायचा, कारण वय त्यातच लिहिलेलं असतं. पुढून तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असले, तर ती दुधाची दाढ. साधारण दीड वर्षाचं झालं की ती पडते आणि दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. वरच्या जबड्यात मात्र समोर एकही दात नाही. आपल्या गाई-शेळ्यांचंही असंच असतं.

मेंदू काढायचा मागच्या भोकातून. वाकडी तार आत घालून फिरवायची आणि नळीच्या पाण्याने धुऊन काढायचं. मग पातेलं. शिंगं पाण्याबाहेर, त्यांच्या बुडाला फॉइल गुंडाळलेलं. पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा. आच मंद.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी रटरटलं की चरबी हाडात मुरते, सांधे सुटतात, नाकाची हाडं हातात येतात. आजोबांच्या पहिल्या कवटीचं तसंच झालं होतं. आता ते खुर्ची टाकून शेजारीच बसतात. बुडबुडा दिसला की आच कमी. अर्ध्या तासाने बाहेर काढायची, खरवडायची, पाणी बदलून पुन्हा ठेवायची.

(दृश्य: कॅमेरा नाकपुडीच्या पोकळीत.)

इथे जरा थांबा. नाकाच्या आत कागदाहून पातळ हाडाच्या गुंडाळ्या आहेत. थंडीतली हवा त्यांच्यावरून जाताना ऊबदार होते, आणि हरणाच्या वास घेण्याच्या ताकदीचा मोठा भाग इथेच आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारला की क्षणात उडून जातात. आजोबा इथे दात घासायचा जुना ब्रश वापरतात. शिंगांच्या मधोमध पाहिलंत? कवटीची शिवण नागमोडी टाके घातल्यासारखी दिसते.

मांस गेलं, तरी चरबी हाडात असतेच. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, आणि पाणी गढूळ होणं थांबेपर्यंत ते बदलत राहायचं. कधी दोन आठवडे, कधी दीड महिना. नेमकं हेच काम लोक टाळतात.

पांढरं करायला क्लोरीनचं ब्लीच कधीच वापरू नये. त्याने हाड आतून पोखरतं, खडूसारखं भुरभुरतं. हवं ते औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. दिवसभर त्यात बुडवून ठेवायची. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू साठतो. शिंगांना पेरॉक्साइड लागू द्यायचं नाही, त्यांच्या बुडाजवळच्या हाडावर त्यात भिजवलेला कापूस ठेवून काम भागवायचं. शिंगांचा तपकिरी रंग त्या हरणाने झाडांवर घासून कमावलेला असतो. तो उडाला की शिंग परकं वाटतं.

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि आपसूक गळलेलं चितळाचं शिंगही जंगलातून उचलून आणता येत नाही. ते तसंच असावं, असं मला मनापासून वाटतं. सहाणेवर उगाळायचं सांबरशिंग कधीकाळी घरोघर असायचं. ते आता आठवणीतच राहू दे.

(दृश्य: अक्रोडाची फळी, स्क्रू, भिंत.)

सुटलेले दात पांढऱ्या गोंदाने बसवले. कवटी उन्हाबाहेर सुकवली. मागच्या भोकातून पट्टी घालून फळीवर कसली. फळीच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख लिहिली.

भिंतीवर जुन्या चार आहेत. आजोबांनी त्यातली एक उजेडात धरली. नाकाडावर उरलेल्या चरबीचा पिवळा डाग उमटला होता. तीन वर्षांपूर्वीची. त्यांनी फळी उघडली, स्क्रू वाटीत ठेवले आणि कवटी पुन्हा कोमट साबणाच्या पाण्यात सोडली.