सात वाजता पूल लागतो

(दृश्य: संध्याकाळ. नदीचं पात्र. पुलाच्या कठड्याशी जमलेली माणसं.)

सात वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. कठड्याला टेकून माणसं उभी आहेत. एका बापानं पोरीला खांद्यावर घेतलंय. या शहरात म्हणतात, "सात वाजता पूल लागतो." घरात दिवा लागतो, तसा इथं पूल लागतो.

(दृश्य: दिवे लागतात. निवेदन थांबतं. फक्त गर्दीचा आवाज.)

आधी केशरी. मग पांढरा. मग हिरवा. खांबांवरून रंग खाली उतरत जातो आणि पाण्यात दुसरा पूल उभा राहतो.

पूल सुंदर दिसतो. आम्ही तीन संध्याकाळी इथं कॅमेरा लावला आणि तिन्ही वेळा डोळे भरून पाहिला. पुलाचं आणि शहराचं नाव या फिल्ममध्ये घेत नाही, कारण असा पूल आता पुष्कळ नगरपालिकांना हवा आहे. कोलकात्याच्या हावडा पुलावर जानेवारी २०२० मध्ये नवी रंगीत रोषणाई सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० देशांतल्या नागरी संस्थांच्या, बैठकीसाठी नागपूर सजलं, तेव्हा रस्त्यांवर रोषणाई झाली. मोठ्या शहरात जे दिसतं, ते लहान गावाच्या आराखड्यात यायला वेळ लागत नाही.

हा उजेड बसवतात कसा, ते आधी पाहू. काम चालू असताना आम्ही सलग चार रात्री तिथं होतो.

(दृश्य: क्रेनच्या पाळण्यात उभा कामगार. कमरेला पट्टा, दातांत टेपची गुंडाळी.)

रात्री अकरानंतर पुलाची एक बाजू वाहतुकीला बंद होते. मिस्त्री खडूनं खुणा करत पुढे जातो, मागून ड्रिल येतं. भोक पाडताना आतल्या सळीला धक्का लागता कामा नये, म्हणून खूण करतानाच तो दोनदा मोजतो. भोकात बोल्ट, बोल्टवर लोखंडी पट्टी, पट्टीवर लांबट दिवा. याला ते वॉल वॉशर म्हणतात, कारण तो भिंत उजेडानं धुऊन काढतो. आत लाल, हिरवे आणि निळे एलईडी ओळीनं बसवलेले असतात. केशरी हवा असेल तर भरपूर लाल आणि थोडा हिरवा. पांढरा हवा असेल तर तिन्ही.

प्रत्येक दिव्याला दोन वायरी जातात. एक विजेची, दुसरी हुकमाची. कोणत्या दिव्यानं केव्हा कोणता रंग घ्यायचा, हे दुसऱ्या वायरीतून कळतं. या पद्धतीला डीएमएक्स म्हणतात. १९८६ साली अमेरिकेत नाटकाच्या रंगमंचावरच्या दिव्यांसाठी ती ठरवली गेली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटक पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. प्रवेश बदलला की उजेड बदलतो, तेच इथं पुलावर होतं. एका लाइनवर ५१२ चॅनेल असतात. तिरंगी दिव्याला तीन लागतात, म्हणजे एका लाइनवर १७० दिवे. त्याहून जास्त असले की दुसरी लाइन.

(दृश्य: दिव्याच्या खोक्यावरचा छापील आकडा.)

खोक्यावर आयपी ६६ लिहिलंय. पहिला सहा म्हणजे आत धूळ जाणार नाही. दुसरा सहा म्हणजे पाण्याचा जोराचा फवाराही आत जाणार नाही. पण पाळण्यातल्या कामगारानं आम्हाला जे सांगितलं, ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं: "दिवा मरत नाही भाऊ, जोड मरते. जोडात पानी गेलं का लाइनच गेली."

(दृश्य: तोच खांब, दीड वर्षानंतर. उजेडात काळे तुकडे.)

दोन पावसाळे गेल्यावर आम्ही पुन्हा तिथंच उभे राहिलो. डावीकडचे चार दिवे बंद आहेत. उजवीकडे हिरवा रंग गेलाय. हिरवा गेला की पांढऱ्यात फक्त लाल आणि निळा उरतो, म्हणून तिरंग्याचा मधला पट्टा इथं जांभळा दिसतो. कठड्याखाली मेलेल्या किड्या-पतंगांचा थर आहे. धानाचा शेतकरी खोडकिड्याचे पतंग पकडायला बांधीत प्रकाश सापळा लावतो. इथं तोच सापळा वर्षभर लावून ठेवला आहे.

(दृश्य: टेबलावर फाइल. पानं उलटणारा हात.)

ही फाइल आम्हाला माहितीच्या अधिकारातून मिळाली. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पुढे तीस दिवसांची मुदत, आणि दोन रुपये पानाप्रमाणे नकला. पानं क्रमानं लावली की कामाचा प्रवास दिसतो. आधी सौंदर्यीकरणाची मागणी. मग अंदाजपत्रक. तांत्रिक मंजुरी. प्रशासकीय मान्यता. ई-निविदा. कार्यादेश. मोजमाप पुस्तिका. देयक. प्रत्येक पानावर सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. शहरातल्या वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी राज्याकडून नगरपालिकांना वेगळं अनुदान मिळतं. पैसा कोणत्या हेडमधून, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्यातून यायचा, हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं.

आता अंदाजपत्रकाचं शेवटचं पान पाहा. दिवे आहेत, केबल आहे, पॅनेल आहे, टायमर आहे, क्रेनचं भाडंसुद्धा आहे. ठेकेदाराचा दोष निवारणाचा काळ संपल्यावर हे दिवे कोण पाहणार, कोणत्या पैशातून पाहणार, यावर एक ओळ नाही. आम्ही फाइल दोनदा वाचली. नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ साली २५,००० एलईडी लावले होते. पैसा देणग्यांतून उभा केला होता, सुमारे ८० लाख डॉलर. ऊन, वारा, खारी हवा आणि पुलाचे हादरे यांनी दिवे एकेक करून जाऊ लागले, आणि मार्च २०२३ मध्ये सगळेच बंद करावे लागले. इतका पैसा आणि इतकी हौस असलेल्या शहरातही दहाच वर्षं. आमच्या पुलाला दुसऱ्या पावसाळ्यातच काळे तुकडे पडले.

(दृश्य: मोटारसायकलच्या दिव्यात दिसणारा रस्ता. शहराचा उजेड मागे पडतो.)

या पुलापासून बावीस किलोमीटरवर एक गाव आहे. पहिले चार किलोमीटर दुभाजकावर दिवे. नंतर एका ढाब्याचा बोर्ड. नंतर बांध्या, बेडकांचा आवाज आणि आपल्याच गाडीचा उजेड.

(दृश्य: रपटा. दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले दगड.)

हा रपटा. नाल्यावरून जाणारा ठेंगणा रस्ता. कठडा नाही, कारण पूर आला की पाणी वरूनच जातं आणि कठड्यात कचरा अडकतो. रस्त्याची कड कळावी म्हणून दर दोन पावलांवर चुन्याचा दगड. दरवर्षी पोळ्याच्या आधी गावातली पोरं हे दगड पुन्हा रंगवतात. गावासाठी रपट्यावरचा दिवा म्हणजे हाच चुना.

(दृश्य: आजी, डोक्यावर भारा, हातात मोबाइलचा उजेड.)

आजी शेतातून परत येत आहेत. आम्ही विचारलं, इथं कधी दिवा होता का?

"नाही जी बाबू. आमाले कोठी लाइट. पाय पडते तसा गोटा हाती लागते, तसं जातो." थोडं थांबून म्हणाल्या, "पानी असलं का मंग नाही जात. बसतो तिकडंच."

गेल्या पावसाळ्यात याच जागी अंधारात एक मोटारसायकल खाली गेली. माणूस वाचला, पाय अधू झाला. ते आमच्याकडे चित्रित नाही.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं आणि वैनगंगेचं सगळं खोरं फुगलं. गावं पाण्यात गेली. नदीला फुगवटा आला की नाले उलटे भरतात आणि असे रपटे दिसेनासे होतात. उंच पुलाची किंमत काय असते, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. अंभोऱ्याला वैनगंगेवर सुमारे ७०० मीटरचा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांचे काठ त्यानं जोडले. त्यावर पाहुण्यांसाठी उंचावर गॅलरी आहे. गर्दी होते, व्हावी. त्या काठांवरच्या माणसांना तो पूल हवा होता आणि मिळाला, याचा आनंद आम्हालाही आहे. आमचं बोलणं दिव्यांविषयी आहे आणि ते दिवे कोणासाठी लागतात, त्याविषयी.

(दृश्य: ग्रामपंचायत. सरपंचबाई वीजबिलांचा गठ्ठा उघडतात.)

सरपंचबाईंच्या टेबलावर पथदिव्यांची बिलं आहेत. २०२१ साली थकबाकीपोटी राज्यात ठिकठिकाणी गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हा वित्त आयोगाच्या पैशातून बिल भरा, असं ग्रामपंचायतींना सांगण्यात आलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. उरलेल्या चाळीसमध्ये गटार, रस्ता, शाळेची दुरुस्ती, आणि त्यातच दिवे. गावांतल्या कामांसाठी राज्याचं पंचवीस-पंधरा (२५१५) हेड आहे, त्यातून रस्त्याचा तुकडा मिळतो, सभामंडप मिळतो. रपट्यावरच्या दोन दिव्यांसाठी वर जाऊन भांडायला कोणाला वेळ होत नाही.

एक हिशेब आम्ही सरपंचबाईंसोबत बसून केला. पुलावरचा शोभेचा दिवा ३६ वॅटचा धरा, रोज सहा तास. वर्षाला साधारण ७९ युनिट. गावातला पथदिवा २० वॅटचा, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बारा तास. वर्षाला ८८ युनिट. जवळजवळ सारखंच. पुलावरचे दोन दिवे जेवढी वीज खातात, जवळजवळ तेवढ्यात या रपट्याची दोन्ही टोकं रात्रभर दिसतील. सरपंचबाईंनी आकडे पुन्हा मांडून पाहिले. मग तो कागद बिलांच्या गठ्ठ्यात ठेवला.

(दृश्य: १५ ऑगस्टची ग्रामसभा. शाळेच्या ओट्यावर बसलेली माणसं, वर गेलेले हात.)

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडला गेला. रपट्याच्या दोन्ही टोकांना खांब आणि दिवा. सोबत उंच पुलाची मागणी, ती दरवर्षीच असते. या वेळी ठरावात एक वाक्य जास्त होतं: दिव्याच्या देखभालीचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. ते वाक्य दहावीतल्या एका मुलीनं सुचवलं. आमच्या फाइलची ती पानं तिनं वाचली होती.

ठराव पंचायत समितीत गेला आहे. अजून उत्तर नाही.

(दृश्य: संध्याकाळ, रपटा. बंडीच्या आसाखाली टांगलेला कंदील.)

शेवटची बंडी नाला ओलांडते आहे. आसाखाली कंदील आहे, त्याचा उजेड बैलांच्या खुरांपुरता. सात वाजले आहेत.

डाव्या टोकाला, चुन्याच्या दगडांपासून थोडं हटून, एक मोठा दगड दिसतो. त्याला चुना लावलेला नाही. खांब आला तर खड्डा कुठं खणायचा हे विसरू नये, म्हणून पोरांनी तो तिथं ठेवला आहे.