महालक्ष्मीचं गवत

श्रोते हो, नमस्कार.

हाजीअलीहून वरळीकडे निघालं की उजव्या हाताला लांबच लांब हिरवळ लागते, ते महालक्ष्मीचं रेसकोर्स. 211 एकर. 1883 सालापासून तिथे घोडे धावतायत. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ती जागा भाड्याने आहे, मालकी राज्य सरकारची आणि महापालिकेची. 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला आणि मग दहा-अकरा वर्षं खल चालला. सगळी जागा परत घ्यायची, थोडी घ्यायची, की पट्टाच वाढवून द्यायचा? 2024 मध्ये ठरलं. 91 एकर क्लबकडे, 2053 पर्यंत. आणि 120 एकर शहराला. पुन्हा सांगतो, 120 एकर शहराला. कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घालून जी जमीन तयार झाली, तिच्यातली 175 एकर याला जोडून एक मोठं उद्यान करायचं आहे.

आता एका घोड्याची गोष्ट सांगतो. माझ्यापुरता हा सगळा विषय त्या घोड्यापासून सुरू होतो.

1981 सालचा हिवाळा. गिरणी संपाला महिनाभर अवकाश होता. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहायचो. माझे आजोबा, आबा, गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. कापसाची धूळ छातीत साठलेली. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले, पहाटे मोकळ्या हवेत चाला. चाळीत मोकळी हवा आणायची कुठून? मग रात्रपाळी नसेल त्या दिवशी आबा मला उठवायचे आणि आम्ही निघायचो. सात रस्ता, पुढे महालक्ष्मी स्टेशनचा पूल. खालून धोबीघाटातले कपडे आपटल्याचे आवाज यायचे, साबणाचा वास यायचा. तिथून रेसकोर्स. चालायला जाणाऱ्यांनी कानात गाणी लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. हे शहर पहाटे जेवढं ऐकू येतं तेवढं दिवसभरात येत नाही. असो.

आत गेलं की आबा चपला हातात घ्यायचे. दंवाच्या गवतावर त्यांच्या पावलांची गडद वाट उमटायची आणि तिच्यात पाय टाकत मी मागून. त्या वेळी घोड्यांचा सराव चालायचा. धुक्यात घोडा दिसायच्या आधी टापा ऐकू यायच्या.

त्या दिवशी टापा भलत्याच बाजूने आल्या. स्वाराला पाडून एक घोडा सुटला होता आणि थेट आम्हा चालणाऱ्यांच्या बाजूला येत होता. लोक ओरडत पांगले. मी आबांचं धोतर घट्ट धरलं. आबा जागचे हलले नाहीत. साताऱ्याकडच्या आमच्या गावी, मुंबईला येईपर्यंत, त्यांनी बैल राखले होते. त्यांनी चपला खाली सोडल्या, दोन्ही हात जरा बाजूला केले आणि बुजलेल्या बैलाला थोपवताना काढतात तसा आवाज घशातून हलकेच काढला. "होऽ होऽ... हो राजा, हो."

घोडा दहा हातांवर थबकला. नाकपुड्यांतून वाफ निघत होती, माशी बसल्यासारखी मानेवरची कातडी थरथरत होती. लगामाची वादी गवतावर लोळत होती. आबा त्याच्याकडे न बघता तिरके तिरके पुढे गेले, वादी उचलली आणि मानेवर तळवा टेकवला. दोघांनाही धाप लागलेली. घोड्याची छाती भात्यासारखी वाजत होती आणि आबांची शिट्टीसारखी.

तेवढ्यात घोड्याची निगा राखणारा सईस धावत आला. विशीतला पोरगा, रडकुंडीला आलेला. तो आबांच्या पायाशी वाकला. आबांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, "पोरा, आधी त्याला पाणी दाव." आणि मग त्यांच्याच पायांतलं बळ गेलं. ओल्या गवतावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. मी पाणी शोधायला पळालो. एवढ्या अफाट मैदानात चालणाऱ्या माणसासाठी नळ मला सापडला नाही. टेकायला बाक नाही. शेवटी त्या सईसानेच तबेल्यातून लोटाभर पाणी आणलं.

पुढे संप झाला. आबा मग रोजच जायला लागले. तिथे कुणी पैसे मागत नव्हतं. त्या वर्षी आमच्या घराला परवडेल असं तेवढंच होतं.

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण पाहिलं. 1991 च्या नियमाप्रमाणे एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक घरांना आणि एक मालकाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती राहिली, शेडखालची जमीन त्यातून निसटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. आबांच्या गिरणीच्या जागी आज टॉवर आहेत.

म्हणून 120 एकर म्हटल्यावर आनंद होतो तशी धास्तीही वाटते. उद्यानाखाली, जमिनीच्या पोटात, मोठं क्रीडासंकुल बांधायची योजना आहे. मुलांना खेळायला जागा हवीच. पण वर चार हात माती उरली तर वड-पिंपळ मूळ धरणार कुठे? आणि पावसाचं पाणी? हा सखल भाग पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्राचं पाणी अडवणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला तेव्हा तो कोरडा झाला. इथे पाणी मुरायला माती लागते. पुन्हा सांगतो, माती लागते. पेव्हर ब्लॉक बसवून उद्यान होत नाही.

आणि बागांना दुपारी कुलूप घालायची पद्धत बंद व्हायला हवी. घरकाम करणाऱ्या बायका, पार्सलं पोचवणारी मुलं, यांना सावली लागते ती दुपारीच.

घोडे राहू देत, त्यांच्या 91 एकरांत धावू देत. मी अजून पहाटे तिथे जातो. आबा बसले होते ती वळणाअलीकडची जागा मला बरोबर सापडते. तिथे एक बाक हवं आहे आणि शेजारी पाण्याचा नळ.

नमस्कार.